तिशीनंतरचे गर्भारपण : पहिले बारा आठवडे

पुणे-बंगळूर महामार्गालगतची शिरोली औद्योगिक वसाहत ओतकामाच्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. अशा ठिकाणी राबणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या स्त्रीची पाळी चुकली तर ते दगदगीचे लक्षण समजले जाण्याचा संभव असतो. शिवाय तीन महिने वाच्यता करू नये, असा घरोघरचा संकेत. त्यामागील गर्भपाताची भीती निराधार नाही. वयाबरोबर, विशेषतः पस्तिशीनंतर, तो धोका वाढतोच. परंतु मौनात मोलाचे दिवस निघून जातात.

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे झालेले असतात, आणि ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात ती सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेपूर्वीच सुरू करणे उत्तम. एका बाजूस तीव्र कळ, रक्तस्राव वा भोवळ आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजल्याचे ते चिन्ह असू शकते.

प्रसूतिरजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची सवेतन रजाही कायद्याने दिली. श्रमाचे काम नाकारण्याचा हक्क मात्र प्रसूतीपूर्वीच्या शेवटच्या काळापुरताच ठेवला. भट्टीची धग आणि ओझी तर दुसऱ्या महिन्यातही तीच असतात. तेव्हा काम बदलून मिळणे मुकादमाच्या समजुतीवर राहते, आणि त्यासाठी आधी सांगावे लागते. आशा कार्यकर्तीकडे तपासणीचा संच विनामूल्य मिळतो. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाल्यास रक्तदाब, हिमोग्लोबिन व मधुमेह यांची तपासणी वेळेवर होते.