घड्याळ खरे, पण कागद?

साखरपुड्याची तारीख निश्चित होते, पाहुण्यांची यादी तयार होते आणि मग एखाद्या संध्याकाळी चौविहार आटोपून वडीलधारी मंडळी बैठकीत बसली असता प्रश्न निघतो : जावईबापूंना घड्याळ कोणते द्यायचे? एका पिढीपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. आता मुलेच नाव घेतात. कोणी रोलेक्स म्हणते, कोणी ओमेगा, कोणी कार्तिये. अधिकृत दुकानात चौकशी केली तर एक तर हवे ते मॉडेल शिल्लक नसते आणि नाव नोंदवून थांबावे लागते, किंवा किंमत ऐकून थोडे थांबावेसे वाटते. तेवढ्यात ओळखीतील कोणी हळूच सांगतो, "शेठ, आपला माणूस आहे. घड्याळ शंभर टक्के खरे. डबा आहे, कार्ड आहे. फक्त बिल मागू नका."

या वाक्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. घड्याळ अस्सल असू शकते. परंतु महागडे घड्याळ विकत घेणे म्हणजे केवळ यंत्र आणि पट्टा विकत घेणे नव्हे. त्याबरोबर निर्मात्याची हमी, विक्रेत्याचा निर्वेध मालकीहक्क आणि माल देशात रीतसर आल्याचा पुरावा या तीन गोष्टीही घेतल्या जातात. अधिकृत दुकानाबाहेर जी रक्कम वाचते, ती बहुतेक वेळा या तीनपैकी कशाच्या तरी बदल्यात वाचलेली असते. कशाच्या बदल्यात, हे पैसे देण्यापूर्वी कळले तर व्यवहार शहाणपणाचा. नंतर कळले तर पश्चात्तापाचा.

प्रथम हा बाजार कसा चालतो ते समजून घेणे आवश्यक आहे. स्विस कंपन्या आपला माल निवडक अधिकृत विक्रेत्यांमार्फतच विकतात. विक्रेत्याला चालणाऱ्या मॉडेलांबरोबर न चालणारा मालही उचलावा लागतो. भांडवल अडकून पडले की तो माल कमी भावात दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती जातो. साबण-बिस्किटांच्या वितरणातही एका विभागाचा माल दुसऱ्या विभागात उतरतो, हे वितरकी करणाऱ्या कुटुंबांना सांगावयास नको. घड्याळांच्या या व्यापाराला जगभर ग्रे मार्केट म्हणतात. यातील माल नवा आणि अस्सल असतो, फक्त तो कंपनीने आखलेल्या वाटेने आलेला नसतो. याहून निराळा बाजार वापरलेल्या घड्याळांचा. तेथे एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे वस्तू जाते. दोन्ही व्यापार मुळात बेकायदेशीर नाहीत. मात्र नकली, चोरीची आणि चोरट्या आयातीची घड्याळे याच दोन वाटांनी आत शिरतात.

येथे भाव नेहमी कमीच असतो असेही नाही. ज्या मॉडेलचा पुरवठा कमी आणि मागणी फार, ते दुय्यम बाजारात छापील किमतीच्या वर जाते. पाटेक फिलिपने नॉटिलस ५७११ हे पोलादी मॉडेल २०२१ मध्ये बंद करण्याचे ठरविले, तेव्हा त्याचा दुय्यम बाजारातील भाव मूळ किमतीच्या अनेक पट झाला. त्या काळात घड्याळ ही गुंतवणूक आहे, अशी हवा पसरली. २०२२ च्या प्रारंभी भाव शिखरावर होते, त्यानंतर ते उतरत गेले. शिखरावर घेणाऱ्यांना जो धडा मिळाला, तो शेअर बाजारातील तेजी पाहिलेल्यांना नवा नव्हता. घड्याळ व्याज देत नाही आणि लाभांशही देत नाही. उलट काही वर्षांनी त्याच्या देखभालीवर खर्च करावा लागतो. ते हौसेने घ्यावे, आणि हौसेचा खर्च हौसेच्याच खात्यात लिहावा.

अस्सल माल अधिकृत वाटेबाहेर विकता येतो का, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. अमेरिकेत कॉस्टको या घाऊक दुकानांच्या साखळीने ओमेगाची घड्याळे अशाच मार्गाने मिळवून १,२९९ डॉलरना विकली. कंपनीची सुचविलेली किंमत १,९९५ डॉलर होती. ओमेगाने घड्याळाच्या पाठीवर पृथ्वीगोलाची एक चिमुकली आकृती कोरली होती. त्या आकृतीच्या कॉपीराइटचा आधार घेऊन कंपनीने दावा लावला. २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले गेले. अखेर २०१५ मध्ये अपील न्यायालयाने कॉस्टकोच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये सॅमसंगच्या प्रिंटरांसंबंधी अस्सल मालाच्या समांतर आयातीस मुभा दिली, पण त्याबरोबर एक अटही घातली. मूळ कंपनी या मालाची हमी देत नाही आणि विक्रीपश्चात सेवाही देणार नाही, असा फलक दुकानात ठळकपणे लावावा, ही ती अट. सारांश असा की न्यायालये अशा विक्रीला वाव देतात, पण हमी ग्राहकाच्या पदरात टाकत नाहीत.

या हमीचे मोल किती? रोलेक्स आणि ओमेगा नव्या घड्याळाला पाच वर्षांची हमी देतात, पण त्यासाठी अधिकृत विक्रेत्याने कार्डावर विक्रीची नोंद केलेली असावी लागते. ग्रे मार्केटमधील विक्रेता बहुधा स्वतःची हमी देतो. ती हमी त्याच्या दुकानाइतकीच टिकाऊ. समजा, पाच लाखांच्या घड्याळावर पंधरा टक्के सूट मिळाली, तर पंचाहत्तर हजार वाचले. पुढे आतील यंत्र बिघडले तर महागड्या घड्याळाच्या दुरुस्तीला या बचतीचा मोठा भाग लागू शकतो. शिवाय अनेक स्विस कंपन्या बाहेरच्या घड्याळजींना मूळ सुटे भाग देत नाहीत, म्हणजे अखेर कंपनीच्या केंद्रातच जावे लागते. काही विक्रेते माल कोणाकडून फुटला हे लपविण्यासाठी घड्याळावरील क्रमांक खोडतात. असे घड्याळ कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. ओळखच पुसलेल्या वस्तूचा मालकही सिद्ध करता येत नाही.

व्यापारी कुटुंबांनी सर्वांत गांभीर्याने पाहावी अशी बाब यापुढची आहे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ यातील कलम १२३ सोन्याला लागू आहे हे अनेकांना ठाऊक असते. तेच कलम घड्याळांना नावानिशी लागू आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. माल चोरट्या आयातीचा असल्याच्या वाजवी समजुतीने अधिकाऱ्यांनी घड्याळ जप्त केले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यातून ते मिळाले त्याच्यावर येते. एरवी आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो; येथे बाळगणाऱ्याने द्यायचा. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि ती चोरून आणली जात, त्या काळाची ही तरतूद आहे. तो काळ सरला, पण कलम कायम आहे. "दुबईहून येताना हातात घालून आणले" हे सांगणे सोपे असते. पण त्यावर शुल्क भरल्याची पावती नसेल, तर ते सांगणे म्हणजे पुरावा नव्हे.

आयकराची बाजूही पाहावी. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे, आणि मोडल्यास घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करावयाचा असतो. तो ग्राहकाच्या नावे जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. म्हणजे नियमाने वागणाऱ्याचे त्यात काही जात नाही. जो हिशेबाबाहेर घेतो, त्याच्या घरी मात्र उद्या मौल्यवान वस्तू सापडते आणि तिच्या पैशाचा स्रोत सांगता येत नाही. मग ती रक्कम त्याचे उत्पन्न धरली जाऊ शकते. विम्याचा दावा करतानाही पहिली मागणी बिलाचीच होते.

मालकीहक्काचा प्रश्न वापरलेल्या घड्याळांत विशेष येतो. वस्तुविक्री अधिनियम, १९३० यातील कलम २७ चे सामान्य तत्त्व असे की विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोरीचे घड्याळ प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत देऊन घेतले, तरी मूळ मालक पुढे आल्यास ते परत करावे लागू शकते. लंडनमधील द वॉच रजिस्टर ही संस्था चोरीस गेलेल्या घड्याळांच्या क्रमांकांची नोंद ठेवते आणि खरेदीपूर्वी तेथे क्रमांक पडताळता येतो. कर्ज देताना बँक प्रथम जमिनीचा हक्क तपासते आणि मग मूल्यांकन करते. घड्याळाच्या बाबतीत लोक नेमका उलटा क्रम धरतात.

वस्तूची पारख हा वेगळाच विषय आहे. संपूर्ण नकली घड्याळ जाणकाराला उघडून पाहिल्यावर बहुधा ओळखू येते. अधिक फसवे असते ते मिश्र घड्याळ : यंत्र अस्सल, तबकडी दुसऱ्याच घड्याळाची, काटे तिसऱ्याचे. या प्रकारात आपल्या मुंबईचेही नाव झाले आहे. जुन्या स्विस घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवून, मिळतील ते भाग बसवून ती विकली जातात. परदेशातील संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते म्हणणे गौरवाचे नाही. जुन्या घड्याळाचे मोल त्याच्या जुनेपणात असते. तबकडी नव्यासारखी चकाकू लागली की बहुधा ते मोल निघून जाते. अतिपॉलिशने कडा गोल झालेल्या घड्याळाचेही तसेच.

मग दुय्यम बाजारातून घेऊच नये का? तसे नाही. नीट चालविलेल्या दुकानातून वापरलेले घड्याळ घेणे हा अनेकदा काटकसरीचा आणि समंजस मार्ग आहे. कंपन्यांनीही हे ओळखले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सने आपल्या निवडक अधिकृत विक्रेत्यांमार्फत वापरलेली घड्याळे तपासून, दोन वर्षांच्या हमीसह विकण्याची योजना सुरू केली. आपल्याकडेही स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने घटणार आहे. ज्याला थांबता येते, त्याला वाकडी वाट धरण्याचे कारण दरवर्षी कमी होत जाईल.

घ्यायचेच ठरले तर काही पथ्ये पाळावीत. विक्रेत्याचा पत्ता कायमचा असावा आणि जीएसटी क्रमांक बिलावर असावा. बिलात मॉडेल आणि घड्याळाचा क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत आणि तो क्रमांक कार्डाशी जुळवून पाहावा. आयात केलेल्या मालाची शुल्क भरल्याची कागदपत्रे मागावीत. पैसे बँकेतूनच द्यावेत. हमी कोणाची, कंपनीची की दुकानाची, आणि किती दिवसांची, हे लेखी घ्यावे. मागील दुरुस्तीची कागदपत्रे पाहावीत आणि स्वतः निवडलेल्या घड्याळजीकडून पाठ उघडून तपासून घ्यावे. यांपैकी एकाही गोष्टीला जो विक्रेता आढेवेढे घेतो, त्याच्याकडून चहा घेऊन परतावे.

जैन कुटुंबाला यात नवे काही सांगितले जात नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरून आणलेली वस्तू घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे आणि अस्सलाच्या नावाखाली नकली वस्तूचा व्यवहार करणे हे तीनही येतात. तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम आणि प्रतिरूपकव्यवहार ही त्यांची नावे. स्वतः चोरी न करताही व्रताला डाग लागू शकतो, हे ज्या परंपरेने इतक्या बारकाईने पाहिले, तिच्या पेढीवर "बिल मागू नका" हे वाक्य खपून जाऊ नये.

शेवटी पुन्हा त्या साखरपुड्याकडे. जावयाच्या मनगटावर बांधलेले घड्याळ दोन घरांमधल्या विश्वासाची खूण असते. दहा वर्षांनी ते दुरुस्तीस गेले आणि केंद्रातील माणसाने त्याचा क्रमांक पाहून भुवया उंचावल्या, तर जावईबापू सौजन्याने काही बोलणार नाहीत. पण त्यांना कळेल. थोडे साधे घड्याळ, पण पक्क्या बिलाचे, अशा वेळी अधिक शोभते. डब्यात कार्डाशेजारी ते बिलही घडी करून ठेवावे. पुढे मुलांना घड्याळ देताना तेही त्यांच्या हाती द्यावे.