फोड रंगाला, दुखणं पत्र्याला

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर हौसेने नवी करून घेतलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यानंतर भेटा. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीवर मोहरीएवढे फोड आलेले असतात आणि निदानही ठरलेलं असतं: “रंग डुप्लिकेट निघाला.” मग फोड घासून वरून रंगाचे आणखी दोन हात मारले जातात. पुढच्या पावसाळ्यात फोड पुन्हा तिथेच. डबा बदलतो, कंपनी बदलते, फोडांची जागा बदलत नाही. रंगच वाईट असता तर टपापासून डिकीपर्यंत सगळीकडे बिघडला असता, एवढा साधा विचार कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या चुकीच्या निदानापायी चांगल्या गाड्यांचा पत्रा आतून खाल्ला जातो.

रंगाचा थर कितीही चकचकीत असला तरी तो पूर्ण जलरोधक नसतो. पाण्याची वाफ त्यातून थोडी आत जाते, थोडी बाहेर येते. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते थराखाली क्षार अडकले असतील तर. क्षार ओलावा ओढून घेतात. पाणी थरातून आत जातं, विरघळलेला क्षार मात्र बाहेर पडू शकत नाही. आत दाब वाढतो आणि रंग उचलला जातो. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. म्हणूनच कडक उन्हाळ्यात काही बारीक फोड बसल्यासारखे दिसतात आणि पावसाळ्यात परत वर येतात. ज्यांना यात शंका वाटते त्यांनी आयएसओ ८५०२ ही मानकांची मालिका पाहावी. रंग देण्याआधी पोलादावर विरघळणारे क्षार किती आहेत हे मोजण्याच्या पद्धती तिच्यात दिल्या आहेत. रंगाचा डबा उघडण्याआधीची ही तपासणी आहे.

हे क्षार येतात कुठून? बहुतेक वेळा आपणच ते तिथे ठेवतो. प्रायमरवर वॉटर पेपर चालवताना बोअरचं जड पाणी वापरलं आणि ते उन्हात तसंच वाळू दिलं, की क्षार तिथेच राहतात. घामाचा हात टेकला तरी पुरतं. फोड बोटांच्या ठशासारखे किंवा ओघळाच्या रेषेत उठलेले दिसले तर कारण वेगळं शोधायला नको. गंज काढायला लावलेलं आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर तेही खाली बसून हेच करतं.

पुट्टीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. “एकदा वाळली की पुट्टी दगडासारखी, पाणी काय करणार?” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देताना आवाज चढतो. पॉलिएस्टर पुट्टी सच्छिद्र असते, पाणी शोषते. ती उघडी असताना पाण्याने घासणं म्हणजे पुढच्या फोडांची तयारीच. कोरडीच घासायची, धूळ हवेने उडवायची आणि त्याच दिवशी प्रायमरखाली झाकायची. पुट्टी मारलेली गाडी प्रायमरविना आठवडाभर गॅरेजच्या दारात उभी असेल, तर तिने हवेतला ओलावा पिऊन ठेवलेला असतो. आम्लयुक्त एचिंग प्रायमरवर थेट पुट्टी मारू नये, हेही बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते पत्रक वाचायला पैसे पडत नाहीत.

निदान करायचं तर ब्लेडने एक फोड उघडा आणि रंग कुठल्या थरापासून सुटला ते बघा. खाली लालसर गंज दिसला तर पत्रा पूर्ण उघडा करण्यावाचून इलाज नाही. पुट्टी ओलसर, भुसभुशीत निघाली तर ती खरवडून काढा. प्रायमर शाबूत आणि फक्त वरचा रंग सुटला असेल, तर घासकामानंतरची अस्वच्छता किंवा कॉम्प्रेसरच्या नळीतलं पाणी तपासा. दाराची खालची घडी आणि फूटबोर्ड यांची गोष्ट निराळीच आहे. आजच्या गाडीचं अख्खं कवच प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्याच्या आतल्या घड्यांपर्यंत थर चढवतात. गॅरेजच्या गनचा फवारा मात्र तिथे पोचत नाही. तिथला गंज आतून बाहेर येतो, म्हणून बाहेरून कितीही महागडा रंग मारला तरी तो थांबत नाही. आतल्या पोकळीत गंजरोधक मेण फवारणं आणि तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवणं, हा त्यावरचा खरा उपाय.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. रेड ऑक्साइड गंज थांबवतो म्हणतात. लोहाचं ते लाल ऑक्साइड निष्क्रिय असतं. जुन्या प्रायमरमध्ये ते काम सोबतचं झिंक क्रोमेट करत असे. रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडले तर थिनरला शिव्या देण्याआधी पॉलिशमधलं सिलिकॉन आठवा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक आली तर तीही भेसळ नव्हे. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. पाऊस उघडला म्हणून लगेच गन हातात घेणाऱ्यांसाठी हिशोब असा: हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २७ अंशांवर असतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, हा रंगकामातला सर्वमान्य नियम आहे. म्हणजे कोकणात जुलैच्या बहुतेक दिवसांत तुम्ही जेमतेम काठावर असता. आणि प्लॅस्टिकचं कव्हर गाडी जपत नाही, ओल कोंडून ठेवतं.

एक गैरसमज मात्र एका ओळीत उरकण्यासारखा नाही. तोंडाला रुमाल बांधला की पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारायला हरकत नाही, असं आजही कित्येक पेंटर मानतात. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोडा फवारासुद्धा जिवावर बेतू शकतो. रुमाल आणि कापडी मास्क इथे पूर्ण निरुपयोगी आहेत. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो. गाडीच्या कामाचं अंदाजपत्रक मागताना त्यात हा मास्क आहे का हे विचारा, आणि नसेल तर त्याचे पैसे आपणहून द्या.