पडद्यावरची रेषा आणि बांधावरची हद्द

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा येथे मंठ्याहून जिंतूरकडे जाणारा आणि सेलूमार्गे पाथरीकडे उतरणारा, असे दोन रस्ते एकत्र येतात. मार्गआखणीच्या संगणकप्रणालीत असा फाटा म्हणजे रस्त्यांच्या जाळ्यातील केवळ एक बिंदू असतो. उपग्रहचित्रात तीच जागा छपरांचा पुंजका म्हणून दिसते. महसुली नकाशात मात्र शिवार आणि गट क्रमांक असतात, फाट्यावर वाढलेल्या बाजाराला तेथे सहसा वेगळे अस्तित्व नसते. एकाच जागेची ही तीन रूपे एकमेकांवर नेमकी बसवणे हे भू-स्थानिक माहितीचे, म्हणजे पृथ्वीवरील निश्चित स्थानाशी जोडलेल्या माहितीचे, मूळ काम होय. 701 किलोमीटरचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्णपणे खुला झाल्यानंतर त्याला जोडणारा सुमारे 180 किलोमीटरचा जालना–नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून आखला गेला असल्याने हे काम येथील शेतकऱ्याच्या दारापर्यंत आले आहे.

या तंत्राचा पाया संगणकापूर्वीचा आहे. इयन मॅकहार्ग या भूदृश्य-रचनाकाराने 1960च्या दशकात अमेरिकेत पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून रस्त्यासाठी कमीत कमी हानीचा पट्टा शोधण्याची पद्धत रूढ केली. आजची प्रणाली तेच अंकांनी करते: भूभागाचे लहान चौकोन पाडून प्रत्येकाला उतार, माती, पाणथळ, वस्ती, वन यांनुसार ‘खर्च’ दिला जातो आणि एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने किंवा तिच्या एखाद्या सुधारित रूपाने दोन टोकांमधील सर्वांत कमी खर्चाची वाट काढली जाते. गणित निर्दोष असते. प्रश्न भारांकांचा, म्हणजे कोणत्या घटकाला किती वजन द्यावे याचा असतो. बागायती विहिरीला पाच गुण आणि ओढ्यावरील पुलाला आठ, असे कोणी ठरवले की रेषा विहिरीवरून जाते, आणि पडद्यावर ती निसर्गनियमाप्रमाणे अटळ भासते.

उंचीच्या माहितीची अडचण आता बरीच सुटली आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेले सुमारे 30 मीटर चौकोनांचे उंचीचे प्रारूप सर्वांना मोफत मिळते; पण दुधना नदीच्या सपाट काळ्या रानात, जेथे दोन-तीन मीटरांच्या फरकाने पुराचे पाणी कोठे पसरेल हे ठरते, तेथे ते तोकडे पडते. भारताच्या कार्टोसॅट-1 या 2005 मध्ये सोडलेल्या उपग्रहाच्या दुहेरी चित्रांमुळे सुधारणा झाली आणि विमानातून लेसर किरण सोडून जमीन मोजणाऱ्या लायडारने तर पुढची मजल गाठली: मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरच्या मार्गाचे, एरवी दहा-बारा महिने घेणारे सर्वेक्षण बारा आठवड्यांत उरकले.

स्थाननिश्चितीतील चूक याहून फसवी असते, कारण ती दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे एकोणिसाव्या शतकात मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर, आधारलेले आहेत, तर उपग्रह-स्थाननिर्देशन डब्ल्यूजीएस 84 या जागतिक संदर्भावर चालते. रूपांतर न करता दोन्ही एकत्र केल्यास मराठवाड्यात रेषा शे-दीडशे मीटर सरकते, आणि तेवढ्यात एखादे शेत ओलांडले जाते. दुसरी मेख 78 अंश पूर्व रेखांशाची. सपाट नकाशासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असून त्र्येचाळिसावा पट्टा तेथे संपतो. जालना–नांदेड मार्ग एकाच पट्ट्यात राहतो. समृद्धी महामार्ग मात्र विदर्भात ती सीमा ओलांडतो, त्यामुळे त्याच्या दोन टोकांचे सहनिर्देशक एकाच कागदावर थेट बसत नाहीत.

तरीही या संपूर्ण रचनेतील सर्वांत कच्चा थर उपग्रहाचा नसून भूमी अभिलेखाचा आहे. अनेक जुने गावनकाशे आठ इंचांना एक मैल या प्रमाणावर काढलेले आहेत. त्यावरील अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर सुमारे चार मीटर रुंद ठरते, आणि दमटपणाने आकसलेला कागद स्कॅन करून अंकरूप केला म्हणजे ती चूक अंकांच्या दशांशांमागे लपते. भूकरमापक जेव्हा संयुक्त मोजणीसाठी बांधावर येतो तेव्हा टिपण, फाळणी नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ त्याला बसवावा लागतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि शेतकऱ्याच्या तोंडी एकर-गुंठ्यांत असते. पांदण, वाटपात पडलेला पण नोंदीत न आलेला धुरा, धरणाच्या पाण्यासाठी स्वखर्चाने गाडलेली जलवाहिनी, हे कोणत्याच थरात नसते. राज्यातील कायम स्थाननिर्देशन केंद्रांच्या जाळ्यामुळे आता मोजणी काही सेंटिमीटरपर्यंत अचूक होऊ शकते. पण अचूक यंत्राने चुकीच्या हद्दीची मोजणी केली तर हाती येते ती केवळ अधिक ठाम चूक.

13 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान गतिशक्ती आराखड्यात रस्ते, रेल्वे, वन, वीज यांचे थर एका व्यासपीठावर आले. हे व्यासपीठ गांधीनगरच्या ज्या संस्थेने उभारले तिला गणिती भास्कराचार्यांचे नाव आहे. खात्यांना एकमेकांची आखणी त्यामुळे लवकर दिसते, हा मोठाच लाभ. मात्र बाधित शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ती भूसंपादनाची अधिसूचना, आणि तिच्यात गट क्रमांक व क्षेत्र असते. त्या गटातून रेषा काढताना विहिरीला किती गुण दिले होते, दुसऱ्या पर्यायात ते किती होते आणि पर्याय कोणत्या आकड्यावर नाकारला गेला, हे तिच्यात छापलेले नसते. प्रवेशनियंत्रित महामार्गावर वाहनांना केवळ ठरावीक अदलाबदल केंद्रांवरच चढता-उतरता येत असल्याने असे केंद्र कोठे यावे याचे भारांकही तितकेच निर्णायक ठरतात, कारण कोणत्या जुन्या फाट्यावरची वर्दळ टिकेल आणि कोणत्या फाट्याला वळसा पडेल, हे त्याच आकड्यांवर ठरते.