म्हैस पान्हा का चोरते?
(सवयीचे शास्त्र आणि धारेची वेळ)

पहाटेच्या काळोखात गोठ्यात बादलीचा आवाज होताच म्हैस कान टवकारते, रवंथ थांबवते आणि काही क्षणांतच तिचे सड भरून येतात. अद्याप रेडकू सोडलेले नसते, कासेला हातही लागलेला नसतो. तरी पान्हा फुटू लागतो. हा अनुभव प्रत्येक पशुपालकास आहे. परंतु त्यामागे शिकण्याचा एक निश्चित नियम आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. तो नियम समजून घेतल्यास गोठ्यातील पुष्कळ नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

पावलॉव्ह यांचा प्रयोग

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडले की लाळ सुटते, ही निसर्गदत्त क्रिया होय. ती शिकवावी लागत नाही. परंतु अन्न देण्यापूर्वी दर वेळी तालयंत्राचा ठोका ऐकविला, तर काही दिवसांनी नुसत्या ठोक्यानेच कुत्र्यास लाळ सुटते, असे त्यांना आढळले. ठोक्याचा आणि लाळेचा मूळचा काहीही संबंध नव्हता. तो सहवासाने जडला. मानसशास्त्रात यास 'अभिजात अभिसंधान' असे म्हणतात. अन्न हे नैसर्गिक उद्दीपक, ठोका हे अभिसंधित उद्दीपक, आणि ठोक्याने सुटणारी लाळ ही अभिसंधित प्रतिक्रिया होय.

आता कुत्र्याच्या जागी म्हैस, अन्नाच्या जागी रेडकाचे चोखणे, ठोक्याच्या जागी बादलीचा आवाज आणि लाळेच्या जागी पान्हा ठेवून पाहावे. गोठ्यात घडते ते हेच.

पान्हा कसा सुटतो?

सडांना स्पर्श झाला की त्याची वार्ता मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हा अंतःस्राव रक्तात उतरतो आणि कासेतील सूक्ष्म दुग्धपिशव्या आकुंचन पावून दूध सडांकडे ढकलले जाते. म्हशीच्या बाबतीत यास विशेष महत्त्व आहे. तिच्या कासेतील सुमारे ९५ टक्के दूध या सूक्ष्म पिशव्यांतच असते. सडावरील पोकळीत अगदी थोडे उतरलेले असते. म्हणून पान्हा फुटल्यावाचून म्हशीची धार निघत नाही. या स्रावाचा प्रभाव काही मिनिटेच टिकतो, त्यामुळे पान्हा आल्यावर धार विनाविलंब काढणे इष्ट. उलटपक्षी म्हैस भ्याली, तिला मार बसला किंवा अनोळखी गोंगाट झाला, तर शरीरात ॲड्रेनॅलिन हा दुसरा स्राव वाढून पान्हा अडतो. यालाच आपण म्हैस पान्हा चोरते असे म्हणतो. वस्तुतः ती चोरत नाही. तिला तो सोडताच येत नाही.

उपनगरांतील तबेल्यांचा प्रश्न

मुंबई शहरातील म्हशी बाहेर हलविण्यासाठी १९४९ साली गोरेगाव येथे आरे दुग्धवसाहत उभारण्यात आली. तिचे शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव या पट्ट्यातील तबेल्यांत गुजरात, हरियाणा आदी प्रांतांतून मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणी अशा दुधाळ म्हशी विकत आणण्याची रीत पडली. शहरात दुधास मोल अधिक, म्हणून रेडकास दूध पाजणे परवडेनासे होते. रेडके अशक्त होऊन मरतात. ज्या म्हशीस रेडकाच्या चोखण्यानेच पान्हा सोडण्याची सवय आहे, ती रेडकू जाताच अडते. कासेत राहिलेले दूध नव्या दुधाची निर्मिती मंदावते आणि म्हैस वेळेपूर्वी आटते. धारेचे शेवटचे दूध अधिक स्निग्ध असल्याने फॅटही कमी लागते.

या अडचणीतून अघोरी उपाय निघाले. जननमार्गात हवा फुंकण्याच्या 'फुका' या प्रकाराची माहिती मिळाल्याने आपणास दुधाविषयी घृणा उत्पन्न झाली, असे महात्मा गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या १२ व्या कलमान्वये फुका, तसेच दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक असे कोणतेही इंजेक्शन देणे हा गुन्हा आहे. शिवाय रोजच्या इंजेक्शनात आणखी एक फसगत आहे. सुई हाच म्हशीचा 'ठोका' बनतो आणि पुढे सुईवाचून ती पान्हा सोडीनाशी होते.

सवय कशी लावावी?

१. खूण एकच ठरवावी. बादलीचा आवाज, ठरावीक हाक किंवा कोमट पाण्याने कास धुणे, यांपैकी जी निवडाल ती रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने असावी.

२. खूण आधी, लाभ मागून. प्रथम हाक द्यावी, लगेच अंबोण पुढे ठेवावे व कास धुऊन हलके चोळावे. अंबोण आधी व हाक मागून दिल्यास म्हैस शिकत नाही.

३. खूण पोकळ ठेवू नये. हाक द्यावी आणि अंबोण देऊ नये, असे वारंवार घडल्यास जडलेली सवय विरते. यास विलोपन म्हणतात.

४. हात बदलून पाहावा. एकाच माणसाची सवय झालेली म्हैस तो आजारी पडला की अडते. घरातील दुसऱ्यानेही अधूनमधून धार काढावी. मात्र खूण व क्रम तोच ठेवावा.

५. धारेच्या जागी मार देऊ नये. भीतीही याच नियमाने जडते. एकदा मार बसलेली म्हैस पुढे नुसती काठी किंवा तो माणूस दिसताच पान्हा आवरते.

६. पहिलारू म्हशीपासून आरंभ करावा. व्याल्याबरोबर रेडकू वेगळे करून चीक हाताने पाजावा. तो पहिल्या एक-दोन तासांतच मिळाला पाहिजे. रेडकाचे पोषण नीट झाले तरच ही पद्धत न्याय्य ठरते.

जुन्या म्हशीची सवय बदलण्यास अधिक दिवस लागतात. तेथे घाई करू नये. कास गरम, सुजलेली वा दुखरी असल्यास तो सवयीचा प्रश्न नसून कासदाह असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यास त्वरित दाखवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठ्यास भेट देताना केवळ चारा व पेंड यांचीच विचारपूस करून थांबू नये. धारेच्या वेळी तेथे काही क्षण उभे राहून पाहावे: म्हैस कशाची वाट पाहते आणि कशास भिते? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत पान्हा चोरण्याचे कारण बहुधा सापडते. म्हैस रोज काही ना काही शिकतच असते. ती काय शिकते, हे मात्र पाळणाऱ्याच्या हाती आहे.