गिनीपिगचा खोकला आणि आपला खोकला

 

आज आम्ही एका छोट्या प्राण्याबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक गिनीपिगबद्दल काय बोलणार, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. त्यामुळे हा विषय आमच्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

आपल्या देशात संशोधनासाठी प्राणी वापरायचे असतील, तर त्या संस्थेत एक नैतिक समिती असावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, सरकारनियुक्त सदस्य असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला, समाजाचं भान असलेला एक माणूसही असावा लागतो. निवृत्तीनंतर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाने त्या जागेसाठी आम्हाला विचारलं. आम्ही होकार दिला. सही करायची आणि चहा घ्यायचा, इतकंच काम असेल अशी आमची समजूत होती. पहिल्याच बैठकीत ती गेली.

प्रस्ताव होता अडुळशाचा. आपल्याकडे शेताच्या बांधाला, कुंपणाला अडुळसा असतोच. लहानपणी खोकला झाला की आजी पानं वाफवून रस काढायची, त्यात मध घालायची. त्या अडुळशाच्या अर्काने खोकला किती थांबतो, हे एका विद्यार्थिनीला मोजायचं होतं. त्यासाठी तिने तीस गिनीपिग मागितले होते. सहा-सहांचे पाच गट.

आता गंमत पाहा. त्या बैठकीत आमच्या खिशात दम्याचा पंप होता. गेली पंधरा वर्षं तो असतोच. उसाचं पाचट पेटवायचे दिवस आले की आमची छाती भरून येते. त्या पंपातल्या सालब्युटामॉलच्या जातीची औषधं माणसापर्यंत येण्याआधी गिनीपिगच्या श्वासनळीवर तपासली गेली आहेत. म्हणजे ज्या प्राण्यांविषयी आम्ही मत देणार होतो, त्यांच्या पूर्वजांचे आम्ही ऋणी होतो. तेव्हा हा विषय काही आम्हाला लांबून बघता येत नाही.

मुळात गिनीपिगच का? नावाने फसू नका. हा प्राणी डुक्कर नाही आणि गिनीचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो पाळीव केला, तोही खाण्यासाठी. युरोपात तो सोळाव्या शतकात पोचला. श्वासाशी त्याचा संबंध तिथेच जुळला. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो आणि तो किती कर्बवायू बाहेर टाकतो, ते मोजलं. मग कोळसा जळताना निघणाऱ्या उष्णतेशी आणि वायूशी त्याची तुलना केली. निष्कर्ष असा, की श्वसन म्हणजे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे. आपल्या शरीरात सतत एक चूल पेटलेली असते, असं म्हणा ना.

पुढे १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सिद्ध केला, तेव्हाही गिनीपिग कामी आले, कारण या प्राण्याला क्षय फार चटकन होतो. याच गुणाचा उपयोग १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रायली आणि वेल्स यांनी केला. क्षयरुग्णांच्या सहा खाटांच्या कक्षातली हवा नळीवाटे छतावरच्या गिनीपिगच्या खोलीत सोडली. रुग्ण आणि प्राणी यांचा दुसरा काहीही संबंध नव्हता. तरी गिनीपिगना क्षय होत राहिला. ज्या खोलीत तीच हवा अतिनील किरणांतून जाऊन पोचत होती, तिथल्या प्राण्यांना मात्र झाला नाही. क्षय हवेतून पसरतो याचा तो भक्कम पुरावा ठरला. आज दवाखान्यात खिडक्या उघड्या ठेवा म्हणतात, त्यामागे त्या मुक्या जिवांचाही वाटा आहे.

आता खोकल्याकडे येऊ. प्रयोगशाळेतला सगळ्यात सोयीचा प्राणी म्हणजे उंदीर. पण उंदीर माणसासारखा खोकत नाही, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गिनीपिग खोकतो. त्याची श्वासनळी हिस्टामिनने आपल्या दमेकऱ्यांसारखी आवळते. खोकल्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची रचनाही आपल्याशी बरीच जुळते. आणखी एक साम्य म्हणजे आपल्यासारखंच त्यालाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिगृहात त्यांना लसूणघास घालतात. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा घासाचा भारा दिसताच सगळे एकदम शिट्टीसारखा आवाज करायला लागले. तो आवाज नंतर प्रत्येक बैठकीत आमच्या कानात असायचा.

प्रयोग करतात कसा? प्राण्याला पारदर्शक पेटीत ठेवतात. तो मोकळा असतो, शुद्धीवर असतो. पेटीत सायट्रिक अॅसिडचं, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाचं, द्रावण धुक्यासारखं सोडतात. किंवा मिरचीतला तिखटपणा ज्याच्यामुळे असतो ते कॅप्सेसिन सोडतात. मग काही मिनिटांत प्राणी किती वेळा खोकला, ते मोजतात. शिंक कोणती आणि खोकला कोणता, हे आवाजावरून, पेटीतल्या हवेच्या दाबावरून आणि त्याच्या हालचालीवरून ठरवतात. औषध देऊन पुन्हा तेच. आकडा किती उतरला, तेवढा औषधाचा गुण.

अडुळशावर असा प्रयोग आपल्या शेजारीच झालेला आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधन विभागातून १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोंडावाटे दिलेला अडुळशाचा अर्क गिनीपिगमध्ये, क्षोभक फवाऱ्याने आणलेल्या खोकल्यावर, जवळपास कोडीनइतका प्रभावी ठरला. शिरेतून दिला तेव्हा मात्र, दुसऱ्या पद्धतीने आणलेल्या खोकल्यावर, तो कोडीनच्या वीस ते चाळीस पटींनी कमी पडला. आजीच्या औषधाला प्रयोगशाळेचा कौल मिळाला, असं आपण आनंदाने म्हणू. पण थांबा. इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काम सुरू होतं.

गिनीपिगचा खोकला थांबला, म्हणून माणसाचा थांबेल. हे विधान म्हणजे अनुमान आहे. आपल्या न्यायदर्शनाने अनुमानाची फार बारकाईने चिकित्सा केली आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे बरोबर. पण उलट? जिथे अग्नी तिथे धूर? नाही. लोहाराच्या भट्टीतलं लालबुंद लोखंड पाहा. अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघायला जळण ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. अनुमान चुकतं ते बहुधा उपाधी नजरेतून सुटते म्हणून.

मग गिनीपिगवरून माणसाकडे जाताना कोणती उपाधी सुटते? आमच्या मते याचं उत्तर आपल्या मराठीतच आहे. फोडणीची मिरची नाकात गेली की लागतो तो ठसका. रात्रभर थांबत नाही ती ढास. एकामागून एक येते ती उबळ. आणि गुरुजी वर्गात शिरण्याआधी करतात ते खाकरणं. चार शब्द, चार गोष्टी. पेटीत तिखट सोडून आपण जो मोजतो, तो ठसका आहे. दवाखान्यात रुग्ण येतो तो ढास घेऊन. ठसका हा निरोगी शरीराचा पहारेकरी आहे, तो हवाच. ढास म्हणजे पहारेकऱ्याचंच डोकं फिरल्यासारखं, चोर नसताना रात्रभर शिट्ट्या मारतो. ठसक्यावरचं औषध ढाशीवर चालेलच, ही व्याप्ती कोणी सिद्ध केली?

हा शब्दांचा खेळ नाही, बरं का. कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर काम करतं ती ग्राही बंद करणारं एक औषध जुनाट खोकल्याच्या रुग्णांना देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. कॅप्सेसिन हुंगवल्यावर येणारा खोकला कमी झाला. रुग्णांचा दिवसभराचा खोकला मात्र तसाच राहिला. ठसका गेला, ढास राहिली. कोडीनचंही तसंच. गिनीपिगमध्ये ते मानदंड मानलं जातं. पण धूम्रपानाने फुप्फुसं खराब झालेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते नकली औषधापेक्षा सरस ठरलं नाही. मग ‘अडुळसा कोडीनइतका चांगला’ या वाक्याचा अर्थ काय उरतो, ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. गेफापिक्संट नावाच्या नव्या औषधाने रुग्णांचा जुनाट खोकला खरोखर कमी केला. जपानने २०२२ साली त्याला मान्यता दिली, अमेरिकेच्या नियामकाने मात्र फायदा पुरेसा नाही म्हणून नाकारली. त्याचा मोठा दुष्परिणाम म्हणजे तोंडाची चव बिघडते. आता चव बिघडली हे गिनीपिग कसं सांगणार?

इथे एक भेद लक्षात ठेवू. बाल्टिमोरच्या छतावरचा गिनीपिग माणसाचा प्रतिनिधी नव्हता. हवेत जंतू आहे की नाही, हे दाखवणारं ते जिवंत साधन होतं. तिथे अनुमान लहान, म्हणून निष्कर्ष पक्का. खोकल्याच्या पेटीतला गिनीपिग आपला प्रतिनिधी म्हणून बसलेला असतो. तिथे अनुमान लांबचं, म्हणून जबाबदारी मोठी.

आता नीतीचा प्रश्न. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला, आणि १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमात प्रयोगांविषयी सूचना आहेत. जिथे टाळता येतील तिथे प्रयोग टाळावेत, हे आहेच. शिवाय असंही आहे, की लहान प्राण्यांवर तेच निष्कर्ष मिळत असतील तर मोठे प्राणी वापरू नयेत. आणि लहान प्राण्यांची उदाहरणं देताना कायद्याने गिनीपिगचं नाव घेतलं आहे. म्हणजे वेदना आकारावर मोजली का? आपला जिल्हा आचार्य आनंदऋषीजींचा. जैन दर्शनात जिवांची प्रतवारी इंद्रियांवर आहे, आकारावर नाही. त्या हिशोबाने गाय आणि गिनीपिग दोघेही पंचेंद्रिय, एकाच पंगतीतले. आमचं स्वतःचं मत जैन विचाराकडे झुकतं. पण मग खिशातल्या पंपाचं काय करायचं? तो फेकून देणं हा प्रामाणिकपणा नव्हे, नुसता देखावा होईल. ऋण फेकून फिटत नाही.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज अभ्यासकांनी एक मधली वाट सांगितली. पर्याय असेल तर प्राणी वापरू नका. वापरावाच लागला तर संख्या कमी करा. आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. आज जगभरच्या समित्या याच तीन कसोट्या लावतात. आपल्याकडेही २०२३ साली नव्या औषधांच्या नियमात बदल होऊन, प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांना जागा मिळाली. पूर्वी औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक वर्गात गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा लावून, धुराने काळ्या केलेल्या कागदावर आलेख काढायचे. तेच ते उत्तर, दरवर्षी नवा प्राणी. आता ते संगणकावर शिकवता येतं. कोणाचं काही अडलं नाही.

आपल्या बैठकीकडे परत येतो. आम्ही त्या मुलीला तीन प्रश्न विचारले. याचं उत्तर आधीच कुठे मिळालेलं नाही ना? तीसच का? आणि प्रयोग संपल्यावर यांचं काय? ती गडबडली नाही. पुढच्या बैठकीला नवा आराखडा घेऊन आली. प्रत्येक प्राण्याचा औषधाआधीचा आणि नंतरचा खोकला ताडून पाहायचा, अर्काची एकच मात्रा घ्यायची, तीन गट ठेवायचे. तिसावरून अठरा. शेवटच्या रकान्यात मात्र तिने लिहिलं होतं, ‘विचार चालू आहे.’ इतरांच्या अर्जांत तिथे एकाच शब्दाचं छापील उत्तर असायचं. आम्ही होकाराची सही केली. ती बरोबर होती का, हा प्रश्न आम्ही अजून स्वतःला विचारतो. उत्तर दर वेळी तेच येतं असं नाही.

शेवटी एकच. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालू होते. विष तेच. यातला एकही मृत्यू गिनीपिगवर चाचणी न केल्यामुळे झाला नाही. पिंपातला माल रसायनशाळेत नीट तपासला असता तर पुरे होतं. प्रयोगशाळेत अठरा जिवांकडून सत्य काढून घ्यायचं आणि बाजारात बाटली न तपासता सोडायची, हा त्या जिवांशीही केलेला विश्वासघात आहे. त्यांचं देणं आपण फेडू शकतो ते एवढंच, की त्यांच्याकडून जे कळलं ते वाढवून सांगायचं नाही, आणि जे माणसाने स्वतः करायचं ते त्यांच्यावर ढकलायचं नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. घसा कोरडा पडलाय, एक घोट पाणी घेतो. हा ठसका आहे, ढास नव्हे.