तहाचे कागद आणि आपली वर्धा नदी

पुलगांवाहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळांत वर्धा नदीच्या पुलावर येते. मुलें खिडकीशीं गर्दी करितात, वडील माणसें पाण्याकडे पाहून हात जोडतात, आणि तेवढ्यांत पूल संपून पलीकडचा तीर लागतो. दोन्ही तीरांवर तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच मराठी भाषा. तरी पलीकडे गेलों म्हणजे आपण 'वऱ्हाडांत' आलों, असें जुनीं माणसें म्हणत. एकाच पाण्यावर जगणाऱ्या दोन कांठांत हा भेद इतका दृढ कशानें झाला? निसर्गानें नव्हे; एका कागदानें. त्या कागदाची हकीकत सांगतां सांगतां इतिहासकाराचें काम कसें चालतें तेंही विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येईल, म्हणून ती येथें देण्याचें योजिलें आहे.

इ. स. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीराव पेशव्यानें वसई येथें इंग्रजांशीं तह करून त्यांची फौज आपल्या पदरीं घेतली. हा तह दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांस मान्य झाला नाहीं, आणि १८०३ सालीं युद्ध जुंपलें. २३ सप्टेंबर रोजीं असई येथें व २९ नोव्हेंबर रोजीं अकोल्याकडील अडगांव येथें मराठी फौजांचा पराभव झाला. १५ डिसेंबरास गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरास, देवगांव येथें तह झाला. इंग्रजांच्या वतीनें जनरल आर्थर वेलस्ली व भोसल्यांच्या वतीनें यशवंतराव रामचंद्र यांनीं तो ठरविला. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व १८१५ सालीं त्यानें वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव केला.

या तहानें भोसल्यांनीं कटक प्रांत बालासोर बंदरासह कंपनीस दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लाखांचा मुलूख मात्र त्यांच्याकडे राहिला. यापूर्वीं वऱ्हाडांत निजाम व भोसले या दोघांचाही अंमल चाले, म्हणून त्यास 'दोअमली' म्हणत. ती संपली आणि नदी ही दोन राज्यांची सीमा झाली. १८०४ सालीं कंपनीनें पश्चिमेचा मुलूख आपल्या मित्रास, म्हणजे निजामास, दिला.

केवळ कलमें पाठ केल्यानें इतिहास कळत नाहीं; तीं तशीं कां लिहिलीं गेलीं हें विचारावें लागतें. कंपनीस कटकच कां हवें होतें? नकाशा उघडून पहा. बंगाल व मद्रास हे तिचे दोन मोठे इलाखे, आणि त्यांच्यामधील किनाऱ्यावर भोसल्यांचें ओरिसा! तेवढी जागा मिळतांच दोन्ही इलाखे जमिनीनें जोडले गेले. दुसरें एक कलम असें कीं, इंग्रजांशीं युद्ध चालू असलेल्या फ्रेंच वा अन्य राष्ट्राच्या माणसास भोसल्यांनीं चाकरीस ठेवूं नये. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत यूरोपांत इंग्लंड व फ्रान्स यांचें युद्ध पुन्हां पेटलें होतें. म्हणजे देवगांवच्या छावणींत लिहिलेल्या ओळीचा धागा थेट पॅरिसपर्यंत जातो. परराष्ट्रसंबंधांचा अभ्यास म्हणतात तो हाच.

हें सर्व आपणांस कळतें कसें? त्या काळीं 'वकील' म्हणजे कोर्टांत भांडणारा नव्हे, तर परक्या दरबारीं राहून आपल्या धन्यास बातमी कळविणारा प्रतिनिधि. नागपुरास कंपनीतर्फे फॉर्स्टर, संस्कृतचे पंडित कोलब्रुक, पुढें एल्फिन्स्टन व जेन्किन्स असे एकामागून एक आले. दरबारांत जें पाहिलें, ऐकलें, तें ते वरिष्ठांस लिहून पाठवीत. या पत्रव्यवहाराचा १७८१ ते १८२० पर्यंतचा एक खंड पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारमालेंत १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक बुलढाण्याचे यादव माधव काळे हे होत.

काळे स्वतः आजच्या अर्थानें वकील होते. त्यांनीं १९२४ सालीं 'वऱ्हाडचा इतिहास' व १९३४ सालीं 'नागपूर प्रांताचा इतिहास' प्रसिद्ध केला, आणि १९३६ सालीं काशीराव राजेश्वर गुप्ते यांची 'नागपूरकर भोसल्यांची बखर' संपादिली. या क्रमाचें मर्म विद्यार्थ्यांनीं ओळखावें. एका हातीं घरची बखर आणि दुसऱ्या हातीं परक्याचीं पत्रें! एकाच पक्षाची साक्ष ऐकून न्यायाधीश निकाल देत नाहीं. इतिहासकारानेंही देऊं नये. बखरकारास आपल्या धन्याचा अभिमान असतो; रेसिडेंटास आपल्या वरिष्ठांची मर्जी राखावयाची असते. दोघांचें जेथें जुळतें तेथें पाय रोवावा. जेथें जुळत नाहीं तेथें थांबून तिसरा पुरावा शोधावा.

आणि ज्यावर दोन्ही पक्षांनीं सह्या केल्या तो कागद तरी निर्दोष असतो काय? याच तहांत वर्धा नदी डोंगरांतून निघते तेथपासून ती गोदावरीस मिळेपर्यंत सीमा सांगितली आहे. परंतु भूगोलाचें पुस्तक उघडलें तर वर्धा गोदावरीस मिळतच नाहीं! ती वैनगंगेस मिळते, त्या दोघींची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीस मिळते. कागदावरील शब्द प्रत्यक्ष भूमीशीं ताडून पाहणें हेंही इतिहासकाराचेंच काम आहे.

पुढील कथा थोडक्यांत अशी. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या लढाईंत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व १८५४ सालीं नागपूरचें राज्य कंपनीनें खालसा केलें. १८५३ सालींच निजामानें वऱ्हाड कंपनीच्या हवालीं केलें होतें. अशा रीतीनें दोन्ही तीर एका सत्तेखालीं आले, तरी नदीवरची रेषा पुसली नाहीं. १८६२ सालीं वर्धा जिल्हा निर्माण झाला. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें. १९६० सालीं दोन्ही कांठ महाराष्ट्रांत आले. तरीही पुलाच्या अलीकडे एक जिल्हा व पलीकडे दुसरा, हें आजही आहेच.

या कथेंत आपल्या पक्षाचा पराभव आहे. तो लपवावा असें कोणास वाटेल. परंतु शेजारीं राहणाऱ्या मराठी सत्तांनीं एकमेकांस न विचारतां तह केले, ही गोष्ट लपविल्यानें खोटी ठरत नाहीं. तिच्यापासून शिकावयाचें तें मात्र राहून जातें. दुसरी खेदाची गोष्ट अशी कीं, जेत्यानें आपले कागद नीट जपले आणि आपल्या घरोघरच्या मोडी कागदांस वाळवी लागली. ज्याचे कागद टिकतात त्याचीच साक्ष पुढील पिढ्या ऐकतात.

म्हणून पालकांस नम्र विनंति अशी कीं, माळ्यावरच्या पेटींत एखादा जुना रुमाल असेल तर तो रद्दींत घालूं नये. आणि विद्यार्थ्यांस सांगणें एवढेंच कीं, त्यांनीं मोडी वाचावयास शिकावें. कदाचित् त्या रुमालांत नदीपलीकडच्या एखाद्या शेताचा जुना कागद निघेल. देवगांवच्या तहानें आपल्या गांवच्या माणसांचें काय झालें, याची साक्ष तो देईल. आणि ती साक्ष कोणत्याही रेसिडेंटाच्या पत्रांत मिळणार नाहीं.