बाळंतिणीची डोकेदुखी

घरात बाळंतीण असली की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. ती बिचारी म्हणते, "डोकं फार दुखतंय गं," तर उत्तरं ठरलेली. जागरण झालंय, वारा लागला असेल, कानाला रुमाल बांध. हल्ली आणखी एक उत्तर निघालंय, "पाठीत इंजेक्शन दिलं होतं ना, त्याचंच ते!" बहुतेक वेळा यातलं काहीतरी खरंही असतं. पण क्वचित एखादीच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते.

पक्षाघात बहुधा मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी बंद पडून होतो. इथे मेंदूतलं रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या नीलाच तुंबतात. मोरी तुंबली की पाणी मागे फिरतं ना, तसंच. डोक्यातला दाब वाढतो, मेंदूला सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. आजार दुर्मीळ खरा, पण पुरुषांपेक्षा तरुण बायकांत जास्त आढळतो.

बाळंतपणात रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गानेच या दिवसांत रक्त लवकर गोठण्याची सोय केलेली असते. साधारण ६ आठवडे हा धोका अधिक असतो. त्यात बाळंतिणीला पाणी बेताचंच द्यायची आपल्याकडची जुनी रीत! अंगातलं पाणी आटलं की रक्त आणखी दाट होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल चालू द्या, पण तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला हवा. सासूबाईंना हे समजावणं सोपं नाही, हे मलाही ठाऊक आहे.

मग ओळखायचं कसं? पाठीतल्या इंजेक्शनची डोकेदुखी उठून बसलं की वाढते, आडवं झालं की उतरते. गुठळीची डोकेदुखी पुष्कळदा आडवं पडल्यावर, खोकताना, वाकताना वाढते आणि दिवसागणिक चढत जाते. त्याबरोबर उलट्या, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटका येणं, यातलं काहीही झालं तर अंगारा, कांदा हुंगवणं यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून मोठं इस्पितळ गाठा आणि बाळंतपण कधी झालं ते आधी सांगा. साध्या सीटी स्कॅनमध्ये हा विकार निसटू शकतो. मेंदूतल्या नीलांचं वेगळं चित्र काढावं लागतं.

उपचार ऐकून घरची मंडळी घाबरतात. मेंदूत रक्तस्राव झालेला आणि डॉक्टर रक्त पातळ करायचं हेपारिन देतात? पण तेच बरोबर आहे. जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९१ साली २० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. हेपारिन दिलेल्या १० पैकी ८ जण पूर्ण बरे झाले, एकही दगावला नाही. न दिलेल्या १० पैकी एकच पूर्ण बरा झाला, तिघे गेले. पुढे काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. हेपारिन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं.

आणखी एक. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपण मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतो. इराणमध्ये रोजे मोडू नयेत म्हणून अशा गोळ्या घेतलेल्या बायकांत हा विकार आढळला होता. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत. आणि एकदा हा आजार होऊन गेलेल्या बाईने संततिनियमनाची नेहमीची गोळी टाळावी, तांबीबद्दल विचारावं. पुन्हा दिवस राहायला सहसा हरकत नसते, मात्र तेव्हा सुरुवातीपासूनच डॉक्टरांना सांगून ठेवावं, म्हणजे लागली तर इंजेक्शनं वेळेवर सुरू करता येतात.